भरतीचं पुस्तक कोणत्या कपाटात

माझ्या वहिनीला मिळालेलं सर्वांत जड सन्मानचिन्ह रॉकेटच्या आकाराचं आहे. मीरा रोडला बेव्हर्ली पार्कमधल्या तिच्या घरात बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटतं, म्हणून ते रॉकेट दाराला लावून ठेवलेलं असतं. बाकीची चिन्हं टीव्हीवर, पुस्तकांच्या मागे, आणि एक गिझरखालच्या फळीवर आहे. शाली गावाकडच्या म्हाताऱ्यांना जातात. नारळ त्याच आठवड्यात आमटीत पडतो.

मी भाईंदर पूर्वेला एक मंगल कार्यालय चालवते. मालक दुसरे आहेत, चालवते मी. लग्नं, साखरपुडे, बारशी, आणि लग्नाच्या तिथी नसतील तेव्हा सत्कार. सत्काराची मागची बाजू मी इतकी वर्षं पाहिली आहे की स्टेजवर कुणाच्या खांद्यावर शाल पडली म्हणून मला भरून येत नाही. ती शाल कुठून घाऊक आणली ते मला माहीत असतं. हारातली फुलं सकाळच्या साखरपुड्यातून उरलेली आहेत का, तेही माहीत असतं. त्यामुळे वहिनीबद्दल लिहायला बसले आहे ते तिच्या पुरस्कारांमुळे नव्हे. एक मोठा पुरस्कार तिच्या दारापर्यंत आला आणि तिने तो आत घेतला नाही, तेव्हा मी जवळ होते, म्हणून लिहिते आहे.

वहिनी विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिते. तिशी ओलांडायच्या आधीपासून लिहिते आणि आता तिची साठी झाली. ती लग्न होऊन रत्नागिरीहून आली तेव्हा आम्ही सगळे पेणकरपाड्यात एका चाळीत राहत होतो. मी आजही पेणकरपाड्यातच आहे, फक्त चाळीच्या जागी इमारत झाली. आल्या आल्या वहिनीने भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगचं काम धरलं. शेजारच्या गाळ्यात दिवसभर पॉलिशची मशीनं ओरडायची. जेवणाच्या सुट्टीत ती मशीनं बंद व्हायची, तेवढ्यात ती खोक्यांवर बसून लिहायची. ती कधी म्हणाली नाही की मला शांतता हवी, वेगळी खोली हवी. मशीन बंद झालं की ती लिहायची, सुरू झालं की डबे कागदात गुंडाळायची.

तिची पहिली छापून आलेली गोष्ट डब्याचीच होती. बायको सकाळी नवऱ्याला डबा भरून देते. दुपारी तो उघडतो तर त्यात ती उद्या जे करणार आहे ते असतं. सोमवारी मंगळवारची भाजी, मंगळवारी बुधवारची. दोघांना गंमत वाटते, सवय होते. आणि एके दिवशी डबा रिकामा निघतो. तिथून पुढे नवरा घरी पोहोचेपर्यंतचा प्रवास म्हणजे ती गोष्ट.

ही गोष्ट तिने मला वाचून दाखवली तेव्हा मी वाल सोलत होते. आम्ही मूळचे रायगडकडचे, त्यामुळे रविवारी आमच्याकडे वालाचं बिरडं, आणि मोड आलेले वाल सोलणं हे घरात ज्याचे हात रिकामे असतील त्याचं काम. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "कशी वाटली?"

मी म्हटलं, "उद्याचं जेवण आज डब्यात आलं, ठीक आहे. पण आज सकाळी भरलेलं कुठे गेलं? ती तर भरून देत होती ना?"

वहिनीने वही मिटली. पुढच्या रविवारी ती गोष्ट नव्याने लिहून घेऊन आली. आज भरलेलं काल गेलेलं होतं. म्हणजे सुरुवातीच्या त्या पहिल्या दिवशी तिने जे भरलं ते त्याच्याही आदल्या दिवशी गेलं होतं, आणि ते कुणी खाल्लं हे कुणालाच कळत नव्हतं. एका वाक्यात तिने माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं आणि त्या वाक्याने गोष्ट आधीपेक्षा जास्त भीतीदायक झाली होती. ती एका दिवाळी अंकात छापून आली आणि त्या वर्षीच्या उत्कृष्ट कथेचं बक्षीस तिला मिळालं.

तेव्हापासून ही आमची पद्धत पडली. रविवारी ती वाचणार, मी वाल सोलणार किंवा मासे साफ करणार, आणि शेवटी ती म्हणणार, "हं, मार झाडू." मग मी विचारायचं. चंद्रावरच्या वसाहतीत कचरा कुठे टाकतात? हजार वर्षं जगणाऱ्या राणीचे दात कितव्यांदा येतात? अदृश्य माणूस रिक्षा कशी थांबवतो? माझं वाचन फार नाही. मला त्या जगात राहायचं झालं तर काय अडेल, एवढंच मी बघते. प्रश्न काढणं सोपं आहे, ते कुणीही काढेल. उत्तर लिहिणं तिचं काम, आणि ते उत्तर ती असं लिहिते की आधी ती जागा मोकळी होती हे कुणाला ओळखू येत नाही.

तिच्या लिखाणात मला जे मोठं वाटतं ते हेच आहे. ती वाटेल ते घडवते, पण त्या घडण्यात स्वयंपाक कुणी केला हे तिला माहीत असतं.

दरवर्षी एक दीर्घकथा ती दिवाळी अंकाला देत आली. आमची आई अंथरुणावर होती त्या वर्षी दिली, दादाची कंपनी बंद पडली त्या वर्षी दिली, आणि गाळा सोडून तिने एका शाळेच्या ऑफिसात नोकरी धरली त्याही वर्षी दिली. एका गोष्टीत जुन्या इमारतीची लिफ्ट अजून न बांधलेल्या मजल्यावर जाऊन थांबते आणि रहिवासी पुनर्विकासानंतरच्या आपापल्या घरात डोकावून येतात. काहींना तिथे आपली पाटी दिसत नाही. ती गोष्ट आली तेव्हा मीरा रोडच्या निम्म्या सोसायट्यांत तेच वाद चालू होते. तिचा कन्नडमध्ये अनुवाद झाला आणि अनुवादकाने खास फोन करून विचारलं, "मॅडम, तुम्ही बांधकाम खात्यात होता का?"

पुरस्कारही येत गेले. पण त्यांची एक गंमत होती. एका संस्थेने तिला पुरस्कार दिला तो शाळेच्या मैदानात, समोर सतरंजीवर चौथीची मुलं बसलेली. निवेदक म्हणाला, "आता ताई आपल्याला चांदोबाची गंमत सांगणार आहेत." वहिनीने मुलांना जेवलात का विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, आणि तिने भाषण तिथेच संपवलं. दुसऱ्या ठिकाणी 'विज्ञानाच्या प्रसारासाठी' म्हणून गौरव झाला. ज्या गोष्टीसाठी झाला त्यात एक चेटकीण होती. तीनदा रॉकेट मिळालं. तिच्या कुठल्याही गोष्टीत रॉकेट नाही.

आम्ही हसायचो. हसण्यावारी नेता येत होतं तोवर नेलं.

तिची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भरतीची कादंबरी. खाडीकाठचं एक गाव आहे, आणि तिथे प्रत्येक घराची भरती वेगळी आहे. ज्याच्या त्याच्या वेळेला पाणी उंबरा ओलांडून घरात येतं, थांबतं, ओसरतं. लग्न जमवताना भरतीच्या वेळा जुळवतात. नायिकेच्या वेळा जुळत नाहीत, तरी तिला दिलं जातं. माहेरचं पाणी ओसरतं तेव्हा सासरचं चढतं, त्यामुळे ती आईला कोरड्या पायांनी कधी भेटू शकत नाही. पुढे नवरा घराची भरतीच विकून टाकतो. भरती विकलेलं घर कोरडं पडतं, आणि कोरड्या घरातलं कुणी वाढत नाही. पोटातलं मूलसुद्धा. ते बाळंतपण करायला ती परक्याच्या घरात, परक्याच्या पाण्यात जाऊन उभी राहते. तो भाग तिने मला वाचून दाखवला तेव्हा मी झाडू मारला नाही. हातातलं पापलेट तसंच राहिलं.

त्या कादंबरीसाठी मी एकच मोठा प्रश्न विचारला होता. "पाणी ओसरल्यावर लादी कोण पुसतं?" त्यावर तिने एक आख्खं प्रकरण लिहिलं. घरोघर ओसरत्या पाण्यामागे फिरणाऱ्या, स्वतःच्या घराला भरती नसलेल्या बायकांचं. ज्यांनी ज्यांनी परीक्षणं लिहिली त्यांनी त्याच प्रकरणाचं कौतुक केलं.

छापलेल्या प्रती संपल्या आणि पुस्तक पुन्हा निघालं नाही. प्रकाशक म्हणायचे, बघू. बरीच वर्षं ते बघतच होते.

आणि मग मागच्या वर्षी फोन आला. राज्यभर जिचं नाव घेतात अशा एका संस्थेचा. वहिनी कपडे वाळत घालत होती, फोन दादाने घेतला. जीवनगौरव. दादाने फोन ठेवला, तिला सांगितलं, आणि ती हात पुसून येईपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर टाकूनही झालं.

संध्याकाळी संस्थेचा रीतसर मजकूर आला. त्यात लिहिलं होतं, 'बालसाहित्यातील प्रदीर्घ योगदानाबद्दल'.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशकांचा फोन. आता ते एकदम जागे झाले होते. भरतीच्या कादंबरीची नवी आवृत्ती समारंभाच्या दिवशीच काढू, मुखपृष्ठावर पुरस्काराचा शिक्का, आत रंगीत चित्रं. "मुलांना चित्रं लागतात हो, ताई. बाळंतपणाचं तेवढं जरा पातळ करू."

म्हणजे सरळ होतं. पुरस्कार घेतला तर पुस्तक पुन्हा दुकानात येणार, पण मुलांचं पुस्तक म्हणून, पातळ होऊन. नाही घेतला तर ते आहे तसं राहणार, म्हणजे कुठेच नाही. तिची बाकीची पुस्तकंही त्याच्या मागोमाग जाणार हे उघड होतं. लोक शेवटचा मोठा पुरस्कार लक्षात ठेवतात आणि माणूस त्याच्या नावाने ओळखतात.

दोन दिवसांत सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स लागला. आमच्या भागात आनंद झाला की फ्लेक्स लागतो, आणि फ्लेक्सवर आधी पुढारी येतो. त्यांचा फोटो हातभर, वहिनीचा तळहाताएवढा, बाजूला हसणारा चंद्र, दोन मुलं आणि अर्थातच रॉकेट. 'सुप्रसिद्ध बालसाहित्यिका' असं पिवळ्या अक्षरांत. चेअरमन गुजराती गृहस्थ, मनाने अगदी सज्जन. त्यांनी वहिनीला गेटवरच गाठलं.

"भाभीजी, अपनी पूरी सोसायटी का नाम हो गया. मेरे पोते के लिए एक बुक देना हां, साइन करके. वो सोता नहीं है रात को."

"मेरी किताब पढ़के तो और नहीं सोएगा, भाईसाहब," वहिनी म्हणाली.

ते खूप हसले. त्यांना वाटलं, ती विनय करतेय.

त्या रविवारी ती माझ्याकडे आली. वाचायला काही आणलं नव्हतं. समोर बसली आणि वाल सोलायला लागली. तिला वाल सोलता येत नाहीत, इतक्या वर्षांत आले नाहीत. सालीबरोबर अर्धी डाळिंबी जाते.

"ते ठेव," मी म्हटलं. "बोल."

"काय बोलू. घेऊ नये असं वाटतंय."

"का?"

"मी मुलांसाठी एक ओळ लिहिलेली नाही."

"मग? मुलांसाठी लिहिणं कमीपणाचं आहे?"

"कमीपणाचं नाही गं. अवघड आहे. मला येत नाही. जे मला येत नाही त्याचा जीवनगौरव घेऊ?"

मी तिला घे म्हणून सांगितलं. स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं, तुझ्या हातात काय आहे ते बघ. पुस्तक बाजारात नाही, प्रकाशक आपणहून आलाय, चित्रं टाकतोय तर टाकू दे, आतली अक्षरं तुझीच आहेत. एकदा दुकानात आलं की ज्याला वाचायचं तो वाचेल. हॉलवर बोर्ड लग्नाचा लागला काय आणि मुंजीचा लागला काय, जेवण तेच असतं.

"बोर्ड चुकला तर पाहुणे येत नाहीत, वन्सं," ती म्हणाली. मी तिच्यापेक्षा लहान आहे. माझं पटलं नाही की ती मला वन्सं म्हणते.

"येतात. विचारत विचारत येतात."

ती उठून गेली. जाताना तिने सोललेले वाल मी वेगळे काढले, ते आमटीच्याच लायकीचे होते.

त्याच आठवड्यात मला भाईंदरच्या केबिन रोडला जायचं होतं, हॉलसाठी पत्रावळी आणि द्रोण सांगायला. त्या दुकानाच्या मागच्या गल्लीत एक जुनं वाचनालय आहे, पहिल्या मजल्यावर. भरतीची कादंबरी तिथे असावी असं मला वाटलं आणि मी जिना चढले. का चढले? माझं म्हणणं बरोबर आहे याची खात्री करून घ्यायची होती. पुस्तक आहे, लोक नेतात, असं ऐकलं की रविवारी वहिनीला सांगता आलं असतं.

ग्रंथपाल चष्मा कपाळावर ठेवून चहा पीत होते. पुस्तकाचं नाव सांगताच उठले आणि मला खिडकीखालच्या एका बुटक्या कपाटाशी घेऊन गेले. कपाटावर कागदी चांदण्या चिकटवलेल्या, समोर प्लास्टिकची छोटी स्टुलं. मला खाली बसावं लागलं. रंगवायच्या पुस्तकांच्या आणि संस्कारकथांच्या मधे भरतीची कादंबरी होती. जवळजवळ कोरी.

"हे इथे कसं?"

"जादूचं सगळं इथंच असतं, ताई. भरती बोलते ना त्यात?"

"बोलत नाही. येते."

"तेच ते."

"नेतात का कुणी?"

"नेतात ना. आया नेतात, दोन दिवसांत परत आणतात. एक बाई तर भांडायला आल्या होत्या, मुलांच्या पुस्तकात बाळंतपण कसलं छापता म्हणून. मी म्हटलं, मी नाही छापलं."

"आणि मोठी माणसं?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि जमिनीवर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. "मोठी माणसं इथं वाकतायत कशाला?"

गुडघ्यावर हात ठेवून मी उठले. उठताना मला कळलं की आपण वहिनीला चुकीचा सल्ला दिला आहे. विचारत विचारत कुणी येत नाही. माझ्या हॉलवर चुकीचा बोर्ड लागला तर वर जिना चढून विचारायला निदान फेटेवाला तरी येतो. इथे पुस्तक होतं, वाचनालय उघडं होतं, आणि ज्यांच्यासाठी ते लिहिलं होतं त्यांच्यातलं कुणी त्या कपाटाजवळ येणार नव्हतं. प्रकाशकाने रंगीत चित्रं टाकली की राज्यातल्या प्रत्येक वाचनालयात ते असंच खिडकीखाली जाणार.

पत्रावळींचं सांगायचं राहिलं. मी सरळ बेव्हर्ली पार्कला गेले. दादा टीव्ही बघत होता, वहिनी कणीक मळत होती. मी पाहिलेलं सांगितलं. ती मळत राहिली आणि विचारत राहिली.

"कपाट केवढं?"

"कमरेच्या खाली."

"काच आहे की लाकूड?"

"लाकूड. वर चांदण्या."

"बाकीच्या कादंबऱ्या कुठे आहेत?"

"आत. मोठ्या खोलीत. उभं राहून दिसतील अशा."

"तिथे जागा होती?"

मी आठवून सांगितलं की होती. एरवी रविवारी मी तिला असलं विचारते. त्या दिवशी ती मला विचारत होती, आणि प्रत्येक उत्तर ऐकून मान हलवत होती. शेवटी तिने कणकेवर ताटली झाकली, हात धुतले आणि दादाला म्हणाली, "टीव्ही बंद कर. फोन करायचाय."

"कुणाला?"

"संस्थेला."

दादाच्या चेहऱ्यावरून त्याला समजलेलं दिसलं. "अगं, मी ग्रुपवर टाकलंय."

"मग काढ."

"आता काढता येत नाही. सगळ्यांनी फुलं पाठवलीत. माझ्या ऑफिसातल्या जुन्या साहेबांनी हात जोडलेत."

"मग राहू दे."

तिने फोन स्पीकरवर ठेवला, कारण तिचे हात ओले होते. संस्थेचे कार्यवाह बोलायला फार गोड होते. तिने त्यांचे आभार मानले, मग सांगितलं की हा पुरस्कार मला घेता येणार नाही, कारण मी बालसाहित्य लिहीत नाही.

"असं कसं म्हणता, ताई? आपल्या कथांनी मुलांचं विश्व..."

"समितीने माझं कुठलं पुस्तक वाचलं?"

"भरतीचं. अप्रतिम आहे."

"त्यातलं शेवटचं बाळंतपण तुमच्या नातवंडांना वाचायला द्याल?"

त्यांनी आवाज खाली आणला. मग ते म्हणाले, "ताई, खरं सांगू का, विज्ञानकथेचा किंवा अद्भुताचा आपल्याकडे वेगळा विभाग नाहीये. कुठेतरी बसवावं लागतं."

"वेगळा विभाग नकोच आहे. ती कादंबरी आहे. कादंबरीत वाचा."

"कादंबरीचं नाव यंदा ठरलंय."

"मग पुढच्या वर्षी वाचा. इतर कादंबऱ्यांबरोबर ठेवून वाचा. नाही आवडली तर नका देऊ. माझं काही म्हणणं नाही."

"हा मान आहे, ताई. विचार करा."

"मान आहे म्हणूनच सांगते. मुलांसाठी खरोखर लिहिणारं कुणीतरी असेल, त्याचा मान जाईल."

फोन संपला. दादा बाल्कनीत जाऊन उभा राहिला. त्याला राग आला होता, आणि त्याच्या जागी मलाही आला असता. बायकोचं नाव मोठ्या संस्थेच्या तोंडून ऐकायची वाट त्यानेही वर्षानुवर्षं पाहिली होती. वहिनीने पोळ्या केल्या. पहिली गरम पोळी ताटलीत घालून बाल्कनीत नेऊन दिली. त्याने ती खाल्ली. तो विषय त्यांच्यात तेवढ्यावर मिटला की नाही ते मला माहीत नाही. माझ्यासमोर पुन्हा निघाला नाही.

प्रकाशकांचं तसं नव्हतं. त्यांनी नवी आवृत्ती लगेच रद्द केली. वहिनीने "बरं" म्हटलं. मला वाटलं होतं ती निदान चार शब्द सुनावेल. तिने त्यांच्याकडे पुस्तकाचे हक्क मात्र लेखी परत मागितले आणि ते मिळेपर्यंत दर सोमवारी फोन करत राहिली.

फ्लेक्स कुणी काढेना. वहिनीने पुरस्कार नाकारला असला तरी वरचा फोटो पुढाऱ्याचा होता. नवरात्रीचा फ्लेक्स आला तेव्हाच तो उतरला, आणि आता सोसायटीच्या पाण्याच्या पंपावर झाकलेला आहे. चंद्र वरच्या बाजूला आलाय. वहिनी भाजी घेऊन त्याच्या बाजूने जाते.

समारंभाला ती गेली, हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. पुरस्कार कोकणातल्या एका निवृत्त शिक्षिकेला दिला होता. वहिनी म्हणाली, चल. आम्ही मागच्या रांगेत बसलो. व्यवस्था सुमार होती, माईक चार वेळा बदलला, आणि शाल दुहेरी घडीची नव्हती. पण त्या शिक्षिका उठून बोलायला लागल्या आणि पुढे बसलेली मुलं चुळबुळ करायची थांबली. वहिनी त्यांच्याकडे अशी बघत होती की जणू तिचाच सत्कार चाललाय. बाहेर टेबलावर त्यांची पुस्तकं होती, तिने एक घेतलं आणि परतताना रिक्षात वाचून संपवलं.

"बघ," ती म्हणाली. "याला म्हणतात मुलांसाठी लिहिणं. मला सात जन्मांत जमलं नसतं."

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन केबिन रोडच्या त्या वाचनालयात गेले. ग्रंथपालांना आधी मी एकटीनेच सांगून पाहिलं होतं की पुस्तक कादंबऱ्यांत ठेवा. ते म्हणाले होते, कादंबरी आहे असं कुणी सांगितलं? मी म्हटलं, लिहिलीय तिने. मग त्यांना येऊन सांगू दे, ते म्हणाले. म्हणून ती आली.

ग्रंथपालांची जरा गडबड उडाली. त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. वहिनी बसली नाही. बुटक्या कपाटाशी वाकली, पुस्तक काढलं, आतल्या खोलीत गेली आणि कादंबऱ्यांच्या रांगेत डोळ्यांच्या उंचीला जागा करून ते ठेवलं. दोन्ही बाजूंच्या पुस्तकांची नावं वाचली. "शेजार बरा आहे," म्हणाली. मग चहा प्यायली.

पुढचे काही महिने मी त्या बाजूला गेले नाही. लग्नसराई होती. ती संपल्यावर आम्ही दोघी केबिन रोडला गेलो होतो, तिला परकराचं कापड हवं होतं. वहिनी म्हणाली, वर जाऊन येऊ. आतल्या खोलीत पुस्तक नव्हतं. जागा दिसत होती, पण बाजूची पुस्तकं तिच्यात कलंडली होती. आम्हाला बघून ग्रंथपाल स्वतःच अपराधी चेहऱ्याने उठले.

"ताई, काय सांगू. एक बाई घेऊन गेल्यात. मुदत कधीच संपली. फोन केला तर म्हणाल्या, सासूबाई वाचतायत. पुन्हा केला तर म्हणाल्या, शेजारणीला दिलंय. मी म्हटलं, असं चालत नाही. तर म्हणाल्या, तिचं अर्ध्यावर आलंय, आता कसं मागू."

"मग मागू नका," वहिनी म्हणाली.

"नियम आहे, ताई. आणि प्रत एकच आहे. तुमच्याकडे असेल ना एखादी?"

"एक आहे."

"मग ती..."

"ती देणार नाही."

ते हसले. त्यांना वाटलं, ती विनोद करतेय. ती करत नव्हती. हक्क परत आले होते, आणि त्या एका प्रतीवरून ती सगळी कादंबरी पुन्हा टाइप करून घेणार होती. कोण छापणार ते ठरलेलं नव्हतं, आजही नाही.

आम्ही खाली उतरायला लागलो. मधल्या वळणावर ती थांबली.

"शेजारीण म्हणजे वरच्या मजल्यावरची असेल की त्याच?"

"तुला काय करायचंय?"

"सातव्या मजल्यावर भरती यायची झाली तर कशी येईल?"

"पाइपातून," मी म्हटलं. "पण मग टाकीचा कॉक कोण बंद करणार? आणि खालच्यांच्या छतातून गळेल त्याचं काय?"

ती बोटांवर मजले मोजायला लागली. कठड्याला धरून तिथेच उभी राहिली. मागून दोन माणसं उतरत होती, त्यांची वाट अडली होती. मी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं.